क्योतोहून आणलेला जुना कान्ना: पातं लाकडात गच्च बसलंय, काय करू?

गोदाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. एप्रिलमध्ये क्योतोला गेलो होतो. तिथे तोजी देवळात दर महिन्याच्या 21 तारखेला जुना बाजार भरतो. त्यात एका आजोबांकडून जुना कान्ना, म्हणजे जपानी रंधा, घेतला. आपल्यासारखा ढकलायचा नाही, स्वतःकडे ओढायचा. तिथे पातं हाताने निघत होतं. नाशिकला आणल्यावर मेच्या कोरड्या हवेत असं घट्ट बसलं की हलायचं नाव नाही. ठोकळ्याच्या मागच्या टोकाला मधोमध हातोडी मारून पाहिली, उपयोग नाही.

दुसरं म्हणजे, पात्याच्या पाठीवर जो खोलगट भाग असतो तो झिजून अगदी धारेला भिडलाय. डायमंड प्लेटवर, म्हणजे हिऱ्याची पूड बसवलेल्या धार लावायच्या पाटीवर, घासून सगळी पाठच सपाट करून टाकू का? की नवं पातं मागवू? विकणारे म्हणाले, तलवारीच्या पोलादाचं आहे. तसं असेल तर हात लावायचीच भीती वाटते.

हिदावारी

आधी हातोडी खाली ठेवा. आणि डायमंड प्लेट तर कपाटातच राहू द्या, कळकळीने सांगतो.

मी नऊ वर्षं नागोयाला नोकरीला होतो. त्यातली शेवटची चार वर्षं शनिवारी ताकायामाला एका निवृत्त देऊळसुतारांकडे शिकायला जात असे. ताकायामा म्हणजे जुना हिदा प्रांत. नारा काळात, म्हणजे आठव्या शतकात, तिथले लोक कराऐवजी सुतार पाठवत, राजधानीतली बांधकामं करायला. माझ्या त्या देऊळसुतारांना मी उस्तादच म्हणतो.

पातं अडकलंय ते लाकूड आकसल्यामुळे. कान्नाला वेगळी पाचर नसते, पातंच पाचरीसारखं निमुळतं असतं आणि ते बाजूच्या दोन खाचांत दाबून बसतं. ठोकळा पांढऱ्या ओकचा. हवा कोरडी झाली की तो रुंदीत आवळतो आणि पात्याला दोन्ही कडांनी धरतो. अशा वेळी जोर लावलात तर ठोकळा चिरतो. ओल्या फडक्याशेजारी, फडकं लाकडाला न लावता, प्लास्टिकच्या पिशवीत दोन दिवस ठेवा. मग ठोकळ्याच्या मागच्या टोकाच्या दोन कोपऱ्यांवर आळीपाळीने, डावी-उजवी, हलके टोले द्या. मधोमध कधीच नाही. सुटलं की खाचांच्या बाजूच्या भिंती पातळ पटाशीने केसभर तासा. ठोकळ्यातल्या ज्या उतारावर पातं टेकतं त्याला आत्ता हात लावू नका. पात्याला पेन्सिल फासून ते बसवून काढा. काळे ठिपके उठतील तेवढीच जागा खरवडायची, पुन्हा बसवायचं, पुन्हा बघायचं. यात एक अख्खा दिवस जातो. जाऊ द्या.

आता पाठीचं. पात्यात दोन थर असतात. पाठीकडे कडक पोलादाचा पातळ थर, त्यावर जाड नरम लोखंड, भट्टीत तापवून, ठोकून एकजीव केलेलं. पाठ मुद्दाम खोलगट ठेवतात, म्हणजे एवढं कडक पोलाद घासताना फक्त कडा दगडाला लागते. धारेलगत दोऱ्याएवढी सपाट पट्टी राहिली पाहिजे. तिला तिकडे ‘इतोउरा’ म्हणतात, इतो म्हणजे दोराच. धार लावून लावून पातं झिजतं आणि खोलगट भाग धारेपर्यंत येतो. तुमचं तेच झालंय. सगळी पाठ सपाट केलीत तर पुढे दर वेळी तो अख्खा कडक थर घासत बसाल.

त्याऐवजी पोलाद आतून पुढे काढायचं. ऐरणीच्या गोलसर कडेवर पात्याची पाठ टेकवायची आणि धारेच्या तिरक्या बाजूने, नरम लोखंडावर, हातोडीच्या कोपऱ्याने टकटक करत जायचं. टोला पडतो त्याच्या बरोब्बर खाली ऐरण हवी. आवाज भरीव आला तर टेकलंय, पोकळ आला तर थांबा. नरम लोखंड पसरतं आणि पाठीकडचं पोलाद किंचित खाली वाकतं. मग लोखंडी सपाट पाटीवर ती पट्टी घासून घ्यायची.

पोलादावर टोला पडता कामा नये. मी मारलाय. दुसऱ्याच वर्षी, उस्तादांच्या पात्यावर, शेवटच्या दोन-तीन टोल्यांत घाई केली. टिक् असा आवाज आला आणि धारेतून नखाएवढी चंद्रकोर उडून गेली. उस्तादांनी पातं उचलून खिडकीच्या उजेडात धरलं आणि माझ्या हातात परत दिलं. बोलले काही नाहीत. यंत्राच्या चाकावर घासायची सोय नव्हती, गरम झालं की पोलादाचं पाणी उतरतं, म्हणजे कडकपणा जातो. तुटलेला भाग दगडावर हाताने घासून जाईपर्यंत अकरा शनिवार गेले. त्या अकरा शनिवारांत मी दुसरं कोणतंही हत्यार हातात घेतलं नाही, आणि पातं म्हणजे काय ते मला तेव्हाच कळलं.

तलवारीच्या पोलादाचं म्हणाल तर 1876 साली तलवार लावून फिरायला बंदी आली आणि पुष्कळ तलवारकार हत्यारांकडे वळले, हे खरं. पण बाजारात मिळणारी बहुतेक पाती शिमाने प्रांतातल्या यासुगीच्या पोलादाची असतात. त्याला पांढरा कागद, निळा कागद अशी नावं आहेत, गुंडाळायच्या कागदाच्या रंगावरून पडलेली. तलवारीचं नसेल म्हणून कमी समजू नका.

सागवानी

मी सांगलीचा, तीन पिढ्या सुतारकाम. माझा एक प्रश्न आणि एक शंका. आम्ही लाकडी रंध्याला तेल पाजतो, मग हवेने एवढं हलत नाही. इथे का नको? आणि शंका ही, की असलं पातं सागावर चालेल का? सागात वाळूसारखं काहीतरी असतं, आमची पाती तासाभरात बोथट होतात. आमच्या वडिलांनी एक वाकस, दोन रंधे, पाच-सहा पटाशा यांवर वाडे उभे केले. खंडेनवमीला सगळी हत्यारं एका पाटावर मावायची.

हिदावारी

दादा, तेलाचं तिकडेही दोन तट आहेत. काही सुतार ठोकळा तेलात मुरवतात. उस्ताद मुरवत नसत. त्यांचं म्हणणं, लाकूड हललं की मी तळ बघतो, तेल पाजलं तर बघायचं विसरेन. कान्नाचा तळ सगळा सपाट नसतोच. शेवटचा हात फिरवायच्या कान्नाचा तळ पुढच्या टोकाला आणि पात्याच्या फटीलगत एवढाच टेकतो, मधला भाग खरवडून किंचित खोल ठेवतात. हे ते दर सकाळी पट्टी लावून उजेडात बघत.

सागाबद्दल तुमचं बरोबर आहे, त्यात सिलिका असते. कान्नाचं पातं साधारण 40 अंशांवर बसतं, ते सुगी आणि हिनोकी या मऊ लाकडांसाठी. सागाला उभा कोन लागतो.

संख्येचं म्हणाल तर 1943 साली तोक्योत एक पाहणी झाली होती. पूर्ण संच बाळगणाऱ्या सुताराकडे 179 हत्यारं निघाली, त्यात 49 पटाशा आणि 40 रंधे. कोबेच्या ताकेनाका सुतारी हत्यार संग्रहालयात तो अख्खा संच मांडलाय, मी त्याच्यासमोर बराच वेळ उभा होतो. तुमच्या वडिलांचा पाटही मला तितकाच बघायला आवडेल. तिकडे नव्या वर्षाला हत्यारं पुसून मांडतात आणि पुढे मोची, म्हणजे भाताचे कुटून केलेले गोळे, ठेवतात. उस्तादांकडे मी ते दोनदा पाहिलं, तेव्हा घरची खंडेनवमी आठवली होती.

अजून एक सांगायचं राहिलं. तिकडे लोहार आणि ठोकळा करणारा वेगळे असतात. जुने सुतार नुसतं पातं विकत घेत आणि ठोकळा स्वतः कोरत. आजही चांगला कान्ना घेतला तर तो लगेच चालत नाही, पातं आपल्यालाच बसवावं लागतं. पटाशीच्या दांड्यावरची लोखंडी कडीसुद्धा काढून, तासून, पुन्हा ठोकावी लागते. म्हणजे गोदाकाठ, तुम्ही आत्ता जे करणार आहात ते दुरुस्तीचं काम समजू नका. आधीच्या सुतारानेही पहिल्या दिवशी हेच केलं होतं.

गोदाकाठ

पिशवीत तीन दिवस ठेवला, कोपऱ्यांवर टोले दिले, सुटला! ठोकळ्याच्या माथ्यावर पुसट शाईत काही अक्षरं दिसली, फोटो जोडलाय. घासून साफ करणार होतो, म्हटलं आधी विचारावं.

हिदावारी

बरं झालं विचारलंत. ‘शोवा 34, चौथा महिना’ असं आहे. शोवा म्हणजे तेव्हाच्या सम्राटाच्या कारकिर्दीचा शक, त्याचं 34वं वर्ष म्हणजे 1959, महिना एप्रिल. उस्तादही ठोकळा नवा केला की अशीच तारीख घालत. फोटोत पातं लांबीला अडीच बोटं दिसतंय, नवं बरंच लांब असतं. मधला फरक आधीच्या सुताराच्या दगडावर गेला. ठोकळ्याच्या मागच्या टोकाचे कोपरे बघा, दोन्ही सारखे गोल झालेत आणि मधला भाग कोरा आहे. शिस्तीचा हात होता.

त्या शाईवर सँडपेपर फिरवू नका. पाठीचं ठोकायचं काम पावसाळा लागल्यावर करा, तोवर पातं खाचेत सैल ठेवा. पहिला छिलका देवदारावर काढा, सागावर नको. निघाला की फोटो टाका.