प्रतिसाद: हायब्रिड आल्यावर फ्युएल सिस्टीममध्ये नवीन काय उरलंय?

वर म्हटलंय की आता सगळं बॅटरीकडे चाललंय, टाकी-पंप-इंजेक्टरमध्ये करण्यासारखं काही राहिलं नाही. मला उलटंच वाटतं.

प्लग-इन हायब्रिडचंच (चार्ज करून बॅटरीवर चालणारी, पण पेट्रोल इंजिनही असलेली गाडी) बघा ना, इंजिन कित्येक दिवस सुरूच होत नाही पण टाकीत पेट्रोलची वाफ तर तयार होतच राहते, साध्या गाडीत ती कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये साठते आणि इंजिन चालू झालं की ओढून जाळली जाते, इथे इंजिनच बंद, मग काय करणार? म्हणून बऱ्याच मॉडेलमध्ये टाकी सीलबंद, दाब सहन करणारी असते आणि पेट्रोल भरायच्या आधी बटण दाबून दाब सोडावा लागतो. पंपावरच्या पोऱ्याला हे समजावणं हा वेगळाच कार्यक्रम!

डायरेक्ट इंजेक्शनचंही तसंच. पेट्रोल थेट सिलेंडरमध्ये गेल्यामुळे इनटेक व्हॉल्व्ह (सिलेंडरमध्ये हवा आत सोडणारी झडप) पेट्रोलने धुतलेच जात नाहीत, कार्बन बसतो. टोयोटाने आपल्या डी-४एस इंजेक्शन सिस्टीममध्ये पोर्ट (व्हॉल्व्हच्या आधीच पेट्रोल फवारणारा) आणि डायरेक्ट असे दोन्ही इंजेक्टर ठेवलेत, महाग आहे पण डोकं लावलंय.

आणि इथेनॉल. लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, म्हणजे ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मध्ये अ‍ॅव्हरेज थोडं पडणारच, रबरी सील अन् होजही त्याला चालणारे हवेत. ब्राझीलमध्ये २००३ पासून फ्लेक्स-फ्युएल (पेट्रोल, इथेनॉल किंवा दोन्हीच्या मिश्रणावर चालणाऱ्या) गाड्या आहेत, तिथे थंडीत इथेनॉलवर इंजिन पटकन सुरू होईना म्हणून आधी पेट्रोलची छोटी वेगळी टाकी द्यायचे, नंतर इंधन तापवून सोडायची सोय आली. आपल्याकडे ऊसवाले खूष आहेत, पण जुन्या बाईकवाल्यांनी निदान होज तरी तपासून घ्या.