तळहात की पंजा?

वाईकर: एकाच वेळी अनेक जण भाजले, तर प्रत्येकाच्या इजेचा पहिला अंदाज कसा घ्यावा, याचे पत्रक मी आशाताईंसाठी, म्हणजे गावोगावच्या आशा स्वयंसेविकांसाठी, मराठीत करीत आहे. ‘रुग्णाचा तळहात म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाचा सुमारे १ टक्का’ असे मी लिहिले, तेव्हा ‘यात बोटे धरली आहेत का?’ असे एका परिचारिकाबाईंनी विचारले. मूळ माप बोटांसह आहे. बोटे वगळून मोजल्यास १० टक्के भाजलेला माणूस २० टक्क्यांचा ठरतो आणि या टक्क्यांवरून होणारा सलाईनचा हिशोबही दुपटीने चुकतो.

मिरजकर: ‘पंजा’ लिहावे. मोहरमात आमच्याकडे गावोगावी पंजे बसतात. पाच बोटांवाचून पंजा होतच नाही. मात्र ‘रुग्णाचा स्वतःचा, बोटे जुळवून’ हे शब्द गाळू नयेत, कारण घाईत माणूस आपलाच हात धरतो आणि लहान मुलाच्या बाबतीत नेमका तेथेच घोटाळा होतो.

कृष्णाकाठ: ‘पंजा’ फारसी आहे, शिवाय तो वाघालाही असतो. आरोग्याच्या पत्रकात तळहाताला संस्कृत ‘करतल’ शोभेल.

मिरजकर: करतल लिहिल्याने फारसी गेली, पण बोटे कोठे आली? फारसीतला ‘पंज’ आणि आपला ‘पंच’ तर सख्खे भाऊ आहेत.

कराडकर: मला ‘टक्के’ या शब्दाचीच अधिक धास्ती वाटते. ‘साठ टक्के भाजला’ हे वाचून लोक जखमेची तीव्रता समजतात. प्रत्यक्षात ते केवळ क्षेत्रफळ असते. खोलवर भाजलेली कातडी पांढरट, चामड्यासारखी होते आणि पुष्कळदा दुखतही नाही, त्यामुळे जो सर्वांत मोठ्याने ओरडतो त्यालाच आधी हलवावे असे नसते. आवाज बसलेला आणि नाकात काजळी असलेला माणूस कमी टक्क्यांचा असला तरी श्वासमार्गाच्या धोक्यामुळे पुढे घ्यावा लागतो. नुसती लाल झालेली त्वचा तर टक्क्यांत धरायचीच नसते. म्हणून मी ‘पोळलेले सोडा, भाजलेले मोजा’ असे शिकवते.

वाईकर: हे वाक्य आमच्याकडे चालणार नाही. उकळत्या दुधाने हात पोळला की टरारून फोड येतो, आणि फोड आलेली जागा मोजायलाच हवी.

कृष्णाकाठ: पोळण्यात तव्याची धग आहे, पोळी हा शब्द त्यावरूनच आला.

मिरजकर: संस्कृतात ‘पोलिका’ असताना पोळीला पोळण्याच्या दारात का उभे करावे? आणि उन्हात अनवाणी चालणाऱ्याचे पाय आमच्याकडे पोळतातच, मग फोड येवो न येवो.