फाशी सुनावली म्हणजे दिली असं नव्हे

‘सोलापूरच्या सेशन्स कोर्टानं दरोडा-खुनात फाशी सुनावली, मग अपिलाचे लाड कशाला?’ असं एकानं विचारलंय. अहो, आरोपीनं अपील नाही केलं तरी हायकोर्टाची मंजुरी लागतेच. अशी फेरतपासणी का हवी, त्यासाठी नाशिकचं २००३ चं प्रकरण बघा. घरात घुसून लूट, बलात्कार, पाच खून. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टानं सहाही आरोपींना फाशीच सुनावली, आणि २०१९ मध्ये त्याच कोर्टानं सहाही जण निर्दोष सोडले! जखमी साक्षीदार बाईंनी पोलिसांच्या अल्बममधून या सहांपैकी नसलेले दुसरेच चौघे ओळखले होते. त्या चौघांचा तपासच नाही. आत गेले ते भटक्या जमातीतले गरीब. सरकारला मग प्रत्येकी पाच लाख भरपाई द्यावी लागली.