१.३ मल्टीजेट (डीडीआयएस / क्वाड्राजेट): जुनी गाडी घेताना चेनचा आवाज आणि काळा धूर कसा तपासावा?

प्रश्न – घाटमाथा

१.३ लिटर टर्बो डिझेलची एक वापरलेली हॅचबॅक बघून ठेवली आहे. २०१४ चं मॉडेल, ७५ पीएसवालं इंजिन, मीटरवर १,३२,०००. बॉडी, सस्पेन्शन, क्लच ठीक वाटले. शंका इंजिनाची आहे:

सकाळी पहिल्या स्टार्टला चारेक सेकंद साखळी हलवल्यासारखा खळखळाट येतो, मग थांबतो. तिसऱ्या गिअरमध्ये चढावर पूर्ण रेस दिली की मागे काळा धूर दिसतो आणि २५०० आरपीएमच्या वर गाडी ओढत नाही. डिपस्टिकवर ऑइल खालच्या खुणेच्या जेमतेम वर आहे.

विकणारा म्हणतो, "डिझेल आहे, आवाज येणारच." या इंजिनाची नेमकी माहिती, काय काय बिघडतं आणि घेण्याआधी काय तपासावं, ते जाणकारांनी सांगावं. ९० पीएसवालं शोधावं का, तेही सांगा.

---

उत्तर – साखळी_आणि_पिस्टन

आधी इंजिन ओळखून घ्या. फियाटचं मल्टीजेट, मारुतीचं डीडीआयएस, टाटाचं क्वाड्राजेट, नावं वेगळी, इंजिन एकच. १२४८ सीसी, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, डोक्यावर दोन कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे). बोअर ६९.६ मिमी, स्ट्रोक ८२ मिमी. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. क्रँक आणि कॅम जुळवून फिरवायला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. हायड्रॉलिक टॅपेट (व्हॉल्व्हची फट ऑइलच्या दाबाने आपोआप भरणारे) असल्यामुळे टॅपेट सेटिंगचं काम नाही. कोणी त्याचे पैसे सांगितले तर देऊ नका. मूळ इंजिन फियाटचं, २००३ मध्ये युरोपात आलं. आपल्याकडे पुण्याजवळ रांजणगावला आणि मारुतीसाठी मानेसरला बनत होतं. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, पुंतो, लिनिया, व्हिस्टा, मांझा, शेवरलेट सेल, अर्टिगा, सियाझ, ब्रेझा, सगळ्यांत हेच. एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं आणि ते थांबलं. एवढ्या गाड्यांत असल्यामुळे पार्ट कुठेही मिळतो.

७५ पीएसमध्ये साधा, फिक्स्ड जॉमेट्रीचा टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) आहे. टॉर्क १९० एनएम, २००० आरपीएमला. ९० पीएसमध्ये व्हीजीटी, म्हणजे पाती हलणारा टर्बो. २०० एनएम, १७५० ला. सीसी तीच. हायवे आणि घाट जास्त असेल तर ९० चांगलं, पण एक लाखाच्या पुढे काजळीने पाती अडकायला लागतात आणि तो टर्बो महाग पडतो. शहरातल्या वापराला ७५ च घ्या.

आता तुमचा खळखळाट. चेनचा ताण ठेवणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. रात्रभरात त्यातलं ऑइल उतरतं, त्यामुळे पहिला सेकंद-दोन सेकंद आवाज आला तर चालेल. चार सेकंद म्हणजे चेन ताणली आहे, टेन्शनर दमला आहे किंवा ऑइल कमी आहे. तुमच्या गाडीत तिसरं कारण डोळ्यांसमोरच आहे.

या इंजिनाच्या चेंबरमध्ये (खालच्या ऑइलच्या टाकीत) ऑइल जेमतेम तीन लिटरच्या आसपास. त्यातलं एक लिटर गेलं की तिसरा हिस्सा गेला. वळणावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर पंप हवा ओढतो, टेन्शनर ढिला पडतो आणि चेन दात सोडते. युरोपात ३०,००० किमीपर्यंत ऑइल न बदलण्याची मुभा होती, तिथेच चेनच्या तक्रारी जास्त झाल्या. जुनं ऑइल काजळीने घट्ट होतं, आणि ती काजळी चेनच्या पिना घासते. प्रत्येक पिन केसभर झिजली तरी एकूण लांबी वाढते.

चेनने दात सोडला की व्हॉल्व्ह पिस्टनला लागतात आणि आधी रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे हात) मोडतात. नशीब असेल तर तेवढ्यावर निभावतं. नसेल तर हेड उतरवावं लागतं.

तपासायचं असं:

१. इंजिन पूर्ण गार असताना जा. बॉनेटला हात लावून बघा. गरम असेल तर विकणाऱ्याने आधीच स्टार्ट करून ठेवलं आहे. परत फिरा, दुसऱ्या दिवशी या.

२. ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरायला लावा, गाडी एक रात्र ठेवा आणि पुन्हा गार स्टार्ट ऐका. आवाज दोन सेकंदांत थांबला तर घोडं ऑइलवरच अडलं होतं. तसाच राहिला तर चेन किट धरूनच भाव करा.

३. आवाज कुठून येतो ते लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावून, टोक टायमिंग कव्हरवर टेकवून ऐका. कव्हरजवळ मोठा असेल तर चेन. बेल्टच्या बाजूला असेल तर अल्टरनेटरची पुलीही असू शकते. बेल्ट काढून दहा-पंधरा सेकंद इंजिन चालवलं की कळतं. वॉटर पंप त्याच बेल्टवर आहे, म्हणून त्याहून जास्त चालवू नका.

४. स्कॅनरवर पी००१६ (क्रँक आणि कॅमची जुळणी चुकल्याचा बिघाड-कोड) दिसला तर ती गाडी तशीच चालवत घरी आणू नका.

चेन किट घालताना चेन, दोन्ही गाईड, टेन्शनर, दोन्ही स्प्रॉकेट आणि क्रँकचं सील एकत्रच बदला. टायमिंग लॉकिंग पिना (क्रँक आणि कॅम जागेवर धरणाऱ्या) लावूनच बसवायचं, खडूच्या खुणा करून नाही. ऑइल पंप त्याच कव्हरमध्ये आहे, तोही उघडल्यावर बघून घ्या. फिटरला आधी विचारा, "पिना आहेत का?" नसतील तर दुसरा बघा.

---

उत्तर – बूस्ट_गेज

चेनचं वर नीट आलं आहे. काळा धूर आणि २५०० च्या वर ओढ नसणं, हा वेगळा विषय आहे. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. इंजेक्टरवर (डिझेल फवारणाऱ्या नोझलवर) संशय घेण्याआधी हवा कुठे जाते ते शोधा.

पहिलं, टर्बो ते इंटरकूलर (टर्बोची गरम हवा गार करणारी जाळी) आणि इंटरकूलर ते इनटेक असे दोन रबरी होज. चिरा बहुतेक खालच्या बाजूला, क्लॅम्पच्या कडेला पडतात आणि दाबाखालीच उघडतात, त्यामुळे नुसतं बघून कळत नाहीत. हाताने पिळून वाकवा. आत ऑइलचा पातळ थर असतोच, ब्रीदरमधून (इंजिनाची वाफ सोडणाऱ्या नळीतून) येतो, त्याला घाबरू नका. पण होजच्या बाहेर काळी, ओलसर रेघ दिसली तर हवा तिथूनच निघते. खात्रीसाठी टर्बोच्या तोंडाला बूच लावून अर्धा ते पाऊण बार हवा भरा आणि जोडांवर साबणाचं पाणी मारा.

दुसरं, मॅप सेन्सर, म्हणजे इनटेकमधल्या हवेचा दाब मोजणारा. ईजीआरची (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हची) काजळी आणि ब्रीदरचं ऑइल मिळून त्याच्या टोकावर डांबरासारखा गोळा बसतो. किल्ली ऑन, इंजिन बंद ठेवून स्कॅनरवर आकडा बघा. तो बाहेरच्या हवेच्या दाबाएवढा हवा: मुंबईत सुमारे १०१ केपीए, पुण्यात ९५ च्या आसपास, महाबळेश्वरला ८६ च्या जवळ. पुण्यात १०८ किंवा ८० दाखवत असेल तर सेन्सर काढून इलेक्ट्रिकल क्लीनरने धुवा. काडीने खरवडू नका, आतला पडदा फाटतो.

तिसरं, ईजीआर. उघडा अडकला की खालच्या आरपीएमलाच ओढ जाते आणि धूर येतो. तुमची तक्रार २५०० च्या वरची आहे, म्हणून आधी होज आणि एअर फिल्टर बघा. ईजीआर धुताना मोटरच्या बाजूवर क्लीनर जाऊ देऊ नका, गॅस्केट नवं घाला. पत्रा लावून बंद करू नका. ते नियमात बसत नाही आणि चेक लाइट पेटतो ते वेगळंच.

नंतर टर्बो. ७५ पीएसमध्ये वेस्टगेटची (जास्तीचा दाब सोडणाऱ्या झडपेची) दांडी हाताने दाबून बघा, जाम किंवा सैल नको. एअर फिल्टरचा पाइप काढून टर्बोचा शाफ्ट बोटाने हलवा. बाजूला किंचित हलला तर चालेल. मागे-पुढे हलला किंवा पाती घराला घासली असतील तर टर्बो गेला. त्याचं कारणही बहुधा कमी ऑइल.

चालवताना स्कॅनरवर "मागितलेला बूस्ट" (टर्बोच्या हवेचा दाब) आणि "मिळालेला बूस्ट" शेजारी लावा. तिसरा गिअर, १८०० पासून पूर्ण रेस. दोन्ही जवळ राहिले तर हवा ठीक आहे. मिळालेला मागे पडत गेला तर वरच्या यादीतलं काहीतरी.

---

प्रश्नकर्ता – घाटमाथा

खूप आभार दोघांचे. एक राहिलं: कूलंटच्या टाकीत झाकणाखाली चहासारखा तपकिरी, चिकट थर आहे. हेड गॅस्केट (ब्लॉक आणि हेडमधलं सील) गेलं असेल का? आणि इंजेक्टर कसे तपासायचे?

---

उत्तर – नोझल_बेंच

दादा, तपकिरी थराचं कारण हेड गॅस्केटच असेल असं नाही. या इंजिनात ऑइल फिल्टरच्या हाऊसिंगला ऑइल कूलर जोडलेला आहे. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब कूलंटपेक्षा जास्त, म्हणून कूलर फुटला की ऑइल पाण्यात जातं. हेड गॅस्केट असेल तर गार इंजिन स्टार्ट केल्याबरोबर टाकीत बुडबुडे येत राहतात, वरचा होज लगेच टणक होतो आणि कूलंट कमी होत जातं. बुडबुडे नसतील तर कूलर धरा. कूलर बदलल्यावर कूलिंग सिस्टीम दोन-तीन वेळा धुवावी लागते, नाहीतर थर पुन्हा दिसतो. डिपस्टिकवर दुधाळ रंग मात्र बघाच. पाणी ऑइलमध्ये गेलेलं असेल तर बेअरिंगची खात्री नाही, ती गाडी सोडा.

इंजेक्टरचं असं. आधी वास घ्या आणि ऐका. इंजेक्टरच्या बुडाशी काळा डांबरासारखा थर आणि "फुस-फुस" आवाज असेल तर तांब्याचा वॉशर गेला आहे. काम स्वस्त, पण थर वाढला तर इंजेक्टर हेडमध्ये इतका बसतो की काढणं अवघड होतं. वॉशर नवाच घालायचा, बसण्याची जागा साफ करून.

मग रिटर्न टेस्ट. चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या (उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या) चार सारख्या बाटल्यांत सोडा, गरम इंजिन स्लोवर पाच मिनिटं चालवा. चारही पातळ्या जवळपास सारख्या हव्यात. एखादी इतरांच्या दुप्पट भरली तर तो इंजेक्टर आतून झिजला आहे. अशी गाडी गरम झाल्यावर लवकर स्टार्ट होत नाही, कारण सेल्फ मारताना रेलमध्ये (इंजेक्टरना दाबाखाली डिझेल पुरवणाऱ्या नळीत) २०० बारच्या आसपास दाब लागतो आणि तो रिटर्नमधून निघून जातो. इंजेक्टर बदलला तर त्यावरचा कोड ईसीयूमध्ये (इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये) टाकून घ्या.

हाय प्रेशरची कुठलीही नळी इंजिन चालू असताना सैल करू नका. रेलमध्ये १४०० बारपर्यंत दाब जातो. बारीक फवारा कातडीतून आत शिरतो, वर टाचणीएवढंच भोक दिसतं आणि आत बोट सडतं. तसं झालं तर लगेच दवाखाना गाठा.

डिझेल फिल्टरचं पाणी पावसाळ्यात महिन्याकाठी एकदा सोडा.

घेण्याच्या दिवशी स्कॅनरवर "कोड पुसल्यापासून चाललेलं अंतर" ही ओळ उघडा. तिथे दहा-पंधरा किलोमीटर दिसलं तर बिघाडाचे कोड तुमच्यासाठीच पुसलेले आहेत. गाडी चाळीस-पन्नास किलोमीटर चालवून, त्यात एक चढ घेऊन, पुन्हा स्कॅन करा आणि मगच पैशांचं बोला.