इजिप्तच्या स्मृतिशिलेवरील चित्रे आणि आपली वीरगळ

प्रश्न : ग्रंथवेडा (दारव्हा तालुका, यवतमाळ)
आमच्या गावच्या वाचनालयातील एका सचित्र ग्रंथात प्राचीन इजिप्तमधील चुनखडीच्या स्मृतिशिलेचे छायाचित्र आहे. गोलाकार माथ्यावर पंख पसरलेले सूर्यबिंब आहे. त्याखाली हिरव्या चेहऱ्याचा देव सिंहासनावर बसला असून त्याच्यासमोर एक पुरुष हात उंचावून उभा आहे, आणि दोघांमधल्या मेजावर बोरूच्या काड्यांसारखे काही उभे रचले आहे. आमच्या शिवारातल्या वीरगळीच्या माथ्यावरही सूर्य-चंद्र आहेत. दोन्ही दगडांचा हेतू एकच मानावा का?

उत्तर : शिलारेषा (वर्धा)
तो देव ओसिरिस होय. सेथ या भावाने त्याला ठार केले, पत्नी इसिसने त्याला पुन्हा सजीव केले आणि तो मृतांच्या लोकाचा राजा झाला, अशी कथा आहे. म्हणूनच त्याचा देह ममीसारखा वस्त्रांत गुंडाळलेला, हातांत आकडी आणि आसूड ही राजचिन्हे, आणि वर्ण कधी उगवत्या रोपाचा हिरवा, तर कधी नाईलच्या पुराने आणलेल्या गाळासारखा काळा असतो. मेजावरच्या काड्या म्हणजे भाकरीचे उभे काप आहेत. पुढे त्यांचा आकार इतका ठरावीक झाला की अनेक शिलांवर ते बोरूसारखेच दिसतात. खालच्या मजकुरात बहुधा राजाने देवाला अर्पण केलेल्या नैवेद्यातून मृताला हजार भाकरी, हजार घट बिअर, बैल, पक्षी आणि वस्त्रे मिळोत, अशी मागणी असते. कोरलेले अन्न मृताच्या 'का'ला, म्हणजे त्याच्या जीवनशक्तीला, प्रत्यक्ष पोहोचते, अशी श्रद्धा होती.

उत्तर : जुनी पांढरी (चंद्रपूर)
हेतू एकच मानणे मला पटत नाही. वीरगळ सामान्यतः खालून वर वाचायची असते : तळाशी लढाई आणि मरण, मध्ये वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा. माथ्यावरचे सूर्य-चंद्र त्याची कीर्ती आचंद्रार्क टिकावी असे सांगतात. इजिप्तच्या शिलेवर मात्र मृत्यूचा प्रसंगच नसतो; माणूस तरुण आणि धडधाकट दाखवतात. तिथले सपंख बिंब एडफू या गावच्या होरस देवाचे, रक्षण करणारे रूप आहे, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना अनेकदा नाग असतात. शिवाय शिला थडग्यावरच असे असेही नाही. इजिप्तच्या इतिहासातील मध्य राज्य या कालखंडात, म्हणजे ढोबळमानाने इ. स. पू. 2055 ते 1650 या दरम्यान, ओसिरिसच्या मिरवणुकीचा लाभ मिळावा म्हणून दुसरीकडे पुरलेल्या लोकांच्याही शिला अबायडोस या ओसिरिसच्या तीर्थक्षेत्री उभारल्या जात. तिसरा सेनुस्रेत या राजाचा अधिकारी इखेरनोफ्रेत याच्या शिलेवर त्या उत्सवाचेच वर्णन असून ती आज बर्लिनला आहे.

ग्रंथवेडा
म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्यांनी ती वाचावी, अशी अपेक्षा होती काय?

शिलारेषा
होय, आणि काही शिलांवर तशी स्पष्ट विनंती कोरलेली आहे : वाटसरूंनी ती नैवेद्याची मागणी तोंडाने म्हणावी, कारण त्याला खर्च केवळ श्वासाचा. मृताचे नाव उच्चारले जाणे अत्यावश्यक मानत, आणि शत्रूचे नाव खरवडून टाकणे ही शिक्षाच होती. आपल्या छायाचित्रात मजकुरातील पक्षी आणि माणसे कोणत्या दिशेला तोंड करून आहेत, ते पाहावे. ती ओळीच्या आरंभाकडे पाहत असतात, म्हणून त्यांची तोंडे उजवीकडे असल्यास मजकूर उजवीकडून डावीकडे वाचायचा.