विषय: जुळी आहेत, वार एकच. कोणी यातून गेलंय का?

प्रेषक: नि., मिल्टन कीन्स

नमस्कार मंडळी,

गणपतीत आम्हा दोघांना पाहिलं असेल, पण फारशी ओळख झालेली नाही. बायकोला सतरावा आठवडा चालू आहे. जुळी आहेत. पहिल्या मोठ्या स्कॅनमध्येच सांगितलं की दोघांची वार (प्लासेंटा) एकच आहे, पिशव्या वेगळ्या. काल एका बाळाभोवतीचं पाणी थोडं कमी दिसतंय म्हणाले आणि आठवड्याभरात पुन्हा बोलावलंय. नेटवर वाचायला बसलो आणि मध्येच बंद केलं. सांगलीला आईबाबांना जुळी आहेत एवढंच ठाऊक आहे. बाकीचं सांगावं की नाही कळत नाही.

कोणी अनुभवलं असेल तर लिहाल का? लिस्टवर नको असेल तर मला वेगळं लिहा.

नि.

---

प्रेषक: स., रेडिंग

नि.,

लिस्टवरच लिहितो. तुमच्याच जागी असलेलं पण विचारायला संकोचणारं आणखी कोणी इथे असू शकतं. आमच्या मुली आता नर्सरीत जातात. त्यांचीही वार एकच होती.

एका वारेवर दोन बाळं वाढतात तेव्हा वारेवर दोघांच्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असतात. बहुतेक वेळा रक्ताची देवघेव सारखी चालते. शंभरातल्या दहा-पंधरा जणींच्या बाबतीत ती एका बाजूला झुकते. एक बाळ रक्त देत राहतं, त्याची लघवी कमी होते, म्हणून त्याच्याभोवतीचं पाणी आटतं. दुसऱ्याकडे रक्त जास्त जातं, पाणी वाढतं आणि त्याच्या हृदयावर ताण येतो. इथले डॉक्टर याला ट्विन-टू-ट्विन ट्रान्सफ्यूजन म्हणतात. एकाचं पाणी थोडं कमी म्हणजे हेच झालं, असं मात्र नाही. म्हणून पुढच्या स्कॅनला वही घेऊन जा आणि विचारा: दोन्हीकडे सगळ्यात खोल पाणी किती सेंटिमीटर? (एकीकडे दोनच्या खाली आणि दुसरीकडे आठच्या वर, असं एकदम झालं तर ते लगेच हलतात.) दोघांचं मूत्राशय दिसतंय का? वजनात फरक किती? तुमच्या पत्नी टेबलावर झोपलेल्या असतात, जेल लावलेलं असतं, धास्तावलेल्या असतात. प्रश्न विचारणं आणि उत्तरं लिहून घेणं हे तुमचं काम. आणि मधल्या दिवसांत पोट अचानक ताणल्यासारखं झालं, धाप लागली, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी हॉस्पिटलला फोन करा.

आमचं विसाव्या आठवड्यात झालं. एकीभोवती पाणी जवळजवळ नव्हतंच, ती पिशवीच्या पडद्यात गुंडाळल्यासारखी एका जागी अडकली होती. आम्हाला लंडनला पाठवलं. तिथे लेझर केलं. आईला फक्त जागा बधिर करतात, पोटातून एक बारीक दुर्बीण आत जाते आणि वारेवरच्या त्या जोडणाऱ्या वाहिन्या एकेक करून बंद करतात. पूर्वी नुसतं जास्तीचं पाणी काढायचे. २००४ साली युरोपातल्या एका मोठ्या चाचणीत दोन्ही उपाय शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा लेझरनंतर जास्त बाळं वाचली आणि ती जास्त धडधाकट होती. मी बायकोच्या डोक्याशी बसून हात धरला होता. धोकाही स्पष्ट सांगितला होता: एक जाऊ शकतं, दोन्ही जाऊ शकतात. सही तिची होती, पण रात्री दोघांनी मिळून ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशीच्या स्कॅनला दोन्ही ठोके लागले.

मुली एकतिसाव्या आठवड्यात आल्या. त्याआधी बायकोला चोवीस तासांच्या अंतराने स्टेरॉइडची दोन इंजेक्शनं मिळाली होती. बाळांची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून ती देतात, आणि ती वेळेवर मिळाली याचा मला आजही आनंद आहे.

आता खरं सांगायचंय ते. सिझेरियननंतर बायको वॉर्डात आणि बाळं दुसऱ्या मजल्यावर. अशा वेळी मुलांना आधी बाप भेटतो. कोणी तयारी करून घेत नाही, पण तेच होतं. दोन पेट्या (इन्क्युबेटर), दोन पट्ट्या, ट्विन वन आणि ट्विन टू. एक एक किलो सहाशे, दुसरी जेमतेम बाराशे ग्रॅम. नाकात श्वासाच्या नळ्या. मशीन वाजलं की पोटात गोळा यायचा, पण नर्स आधी मशीनकडे बघत नाही, बाळाकडे बघते. रंग ठीक आहे ना, छाती हलतेय ना. तेच शिकून घ्या. इतकी लहान बाळं श्वास घ्यायला विसरतात, म्हणून त्यांना रोज कॅफीनही देतात. ऐकून दचकू नका.

बायकोने पिळून काढलेला चीक मी सिरिंजमधून वर न्यायचो. पहिल्या दिवशी तो अर्धा मिलिलिटरही नव्हता. नर्सने तो कापसाच्या बोळ्यावर घेतला आणि मला मुलींच्या गालांच्या आतून लावायला दिला. बाप म्हणून माझ्या हातून झालेलं ते पहिलं काम. पुरेसं दूध येईपर्यंत दात्या आयांचं दूध देऊ का, असं विचारलं तेव्हा फोनवर आई कचरली: परक्या बाईचं? मी तिला सांगितलं, आपल्या मुंबईत सायन हॉस्पिटलमध्ये १९८९ पासून दुधाची बँक आहे, आशियातली पहिली. त्यावर ती म्हणाली, मग दे.

कांगारू केअर चुकवू नका. बोगोटात १९७८ साली पेट्या कमी पडत होत्या, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी अशी बाळं आईच्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली. ते बापालाही जमतं, आणि जुळ्यांत तर बाप लागतोच. समोरून बटणं असलेला शर्ट घाला, आधी खाऊन-पिऊन, बाथरूमला जाऊन या, कारण नळ्या-तारांसकट बाळ एकदा छातीवर ठेवलं की तासभर तरी हलायचं नाही. धाकटीचा श्वास माझ्या छातीवर लागला की मशीनवरचा आकडा स्थिर व्हायचा. ते बघत मी तिला गणपतीची आरती हळू आवाजात म्हणून दाखवायचो, दुसरं काही पाठ नव्हतं.

नोकरीचं. जुळी असोत की एक, वडिलांची हक्काची रजा इथे दोनच आठवडे. मी पेट्यांपासून उठून कामावर गेलो आहे आणि ते कोणाच्या वाट्याला येऊ नये. पण ६ एप्रिल २०२५ पासून नवा कायदा आहे: बाळ जन्मानंतर २८ दिवसांच्या आत निओनेटल युनिटमध्ये (नवजात बाळांच्या विभागात) गेलं आणि सलग सात दिवस किंवा जास्त राहिलं, तर दोन्ही पालकांना जास्तीत जास्त १२ आठवडे वेगळी रजा. रजा नोकरीच्या पहिल्या दिवसापासून मिळते. पगारासाठी नोकरीच्या काळाची आणि कमाईची अट आहे. एचआरला आजच विचारून ठेवा.

सांगलीला सांगा. सगळे आकडे नका सांगू, पण वार एक आहे, लक्ष ठेवून आहेत, एवढं सांगा. एकदम वाईट बातमीनेच त्यांना कळलं तर त्यांना तुमच्याबरोबर चालायची संधीच मिळत नाही.

स.

---

प्रेषक: काकू, स्लाव

नि. बेटा,

डोहाळजेवण सातव्यातच हवं असं काही नाही. जुळ्यांचा भरवसा नसतो, विसाव्या आठवड्यानंतर डॉक्टर बरं म्हणाले की आपण करून घेऊ. घरी, बसून, मोजकी माणसं. डब्यांचं मी बघते. स.च्या वेळी केलं होतं तसं: मिल्टन कीन्सजवळच्या सहा घरांनी दिवस वाटून घ्यायचे, दारात पिशवी ठेवायची, आत जायचं नाही, बाळ कसं आहे विचारायचं नाही. भाकरी, पालेभाजी, मुगाची खिचडी. दूध वाढावं म्हणून अळीवाची खीर मी करीन. आणि बाळांचे कपडे आधी आणू नयेत म्हणतात, तर आणू नकोस. माझ्याकडे इवलीशी झबली धुऊन ठेवलेली आहेत, लागतील तेव्हा मी आणून देईन.

काकू

---

प्रेषक: नि., मिल्टन कीन्स

सर्वांना,

आज स्कॅन झाला. वही नेली होती. पाणी ३.१ आणि ५.४. मूत्राशय दोघांचंही दिसलं. लहानाची वाढ थोडी मागे आहे, म्हणून आता दर आठवड्याला बघणार. सध्या लेझर नाही. बायकोने स.चं पत्र दोनदा वाचलं आणि मग झोपली, बऱ्याच दिवसांनी नीट झोपली.

सांगलीला सांगितलं. बाबा गप्प झाले, मग म्हणाले, रोज रात्री फोन कर, काही नसलं तरी कर. आईचं म्हणणं, सातव्यातलं मूल तगतं, आठव्यातलं तगत नाही. आणि ती आत्ताच यायचं म्हणतेय. काय सांगू?

नि.

---

प्रेषक: स., रेडिंग

नि.,

आकडे वाचून फार बरं वाटलं.

आठव्या महिन्याचं माझ्या आजीही म्हणायच्या. आईंना एवढंच सांगा की पोटात मिळालेला प्रत्येक आठवडा बाळांच्या कामाचा आहे, सातव्यापेक्षा आठवा चांगला, आणि सगळं सुरळीत राहिलं तर एका वारेच्या जुळ्यांना इथे छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास बाहेर काढतात. डॉक्टरांच्या तोंडून ऐकायचं असेल तर एखाद्या स्कॅनच्या वेळी परवानगी घेऊन त्यांना फोनवर जोडा.

व्हिसाचा अर्ज मात्र आताच करायला लावा, तिकीट तारीख बदलता येईल असं घ्या. व्हिजिटर व्हिसावर एका खेपेला सहाच महिने राहता येतं. त्या आत्ता आल्या तर त्यातले बरेच वाट बघण्यात जातील. बाळं युनिटमध्ये असताना त्यांना आत किती सोडतील ते तिथल्या नियमांवर आहे. खरी गरज बाळं घरी आल्यावर लागते: दर तीन तासांनी दोन बाळं, रात्रीचं दूध, बाळंतिणीचं जेवण. तेव्हा आई हव्यात.

पुढचा स्कॅन कधी ते कळवा. त्या दिवशी मी घरून काम करतो, स्कॅन संपला की फोन करा.

स.