लिंबावरचा लाल कोळी औषधाला दाद देईना, काय करू?

सिन्नरचा शेतकरी: राम राम मंडळी. दीड एकर साई शरबती जातीचं लिंबू आहे, फळं गोटीएवढी. लाल कोळी, म्हणजे पानांचा रस शोषणारी ती बारीक कीड, लागलीय. पानांवर राख उधळल्यासारखे पांढुरके ठिपके पडलेत. फेनपायरॉक्सिमेट हे कोळीनाशक दोनदा मारलं. पहिल्या वेळी आठ दिवस बरं वाटलं, दुसऱ्या वेळी काहीच फरक नाही. दुकानदार म्हणतो फेनाझाक्विन घ्या. घेऊ, की डोस वाढवू?

निफाडकर: दादा, डोस अजिबात वाढवू नका. जे मरत नाहीत तेच मागे राहतात, बाग त्यांचीच होते.

दिंडोरी द्राक्ष: फेनाझाक्विनही नको. नाव वेगळं, पण दोन्ही औषधं एकाच गटातली, कोळ्याच्या पेशीत एकाच जागी मारा करतात. एकाला सरावलेला कोळी दुसऱ्यालाही बऱ्याचदा पचवतो. आम्ही द्राक्षात हे सोसलंय. उन्हात दोन आठवड्यांच्या आत नवी पिढी तयार होते, त्यामुळे सराव व्हायला वेळ लागत नाही.

पण आधी खात्री करा. पांढऱ्या कागदावर फांदी झटका आणि चालणारे ठिपके मोजा, भिंग असेल तर उत्तम. चांगल्या भिजलेल्या पानावर मोठे कोळी फिरत असतील तर त्यांना औषधाचा सराव झालाय. फक्त आतल्या पानांवर असतील तर पाणीच पोचलं नाही, नोझल बघा. गट बदलायचाच तर स्पायरोमेसिफेन, तेही लेबलवर लिंबूवर्गीय पीक असेल तरच आणि हंगामात एकदाच. ते अंडी-पिल्लांवर जास्त चालतं, मोठे कोळी लगेच पडत नाहीत. तिसऱ्या दिवशी घाबरून दुसरं औषध मारू नका.

एक विचारतो, पानं पोखरणाऱ्या अळीला काय मारलं होतं?

सिन्नरचा शेतकरी: सायपरमेथ्रिन, दोनदा.

दिंडोरी द्राक्ष: तिथंच घात झाला असणार. कोळी खाणारा मोहरीएवढा काळा ढालकिडा असतो, तो या औषधाने आधी मरतो. मग कोळ्याला रान मोकळं.

सिन्नरचा शेतकरी: आज सकाळी कागद धरून मोजलं. कच्च्या रस्त्याकडच्या ओळीत फांदीला 40 च्या वर, आतल्या ओळींत पाच-सहा. दोन काळे ढालकिडेही सापडले, आतल्याच ओळीत.

निफाडकर: धुळीत कोळी फोफावतोच. मग सगळ्या बागेला औषध कशाला? रस्त्याकडच्या ओळी साध्या पाण्याने जोरात धुऊन काढा, झाडांना पाण्याचा ताण देऊ नका, चार दिवसांनी परत मोजा. गरज पडली तर तेवढ्याच ओळींना फवारा. आतल्या ओळींना हात लावू नका, तुमचे ढालकिडे तिथंच आहेत.